जनन-लोप प्रतिमान (उत्क्रांती)

जनन-लोप प्रतिमान हे एका पूर्वज जातीपासून निर्माण झालेला सजीवांचा समूह काळाच्या ओघात कसा वाढतो, कसा घटतो आणि केव्हा नामशेष होतो याचे संभाव्यतेच्या भाषेत वर्णन करणारे गणिती प्रतिमान होय. पुराजीवविज्ञान, वर्गीकरणशास्त्र आणि संवर्धनशास्त्र या तिन्ही शाखांत त्याचा उपयोग होतो. एखादा समूह भरभराटीस का आला किंवा लयास का गेला, या प्रश्नाचे थेट उत्तर हे प्रतिमान देत नाही. कोणतेही विशेष कारण नसताना, केवळ योगायोगाने किती भरभराट आणि किती ऱ्हास संभवतो, एवढेच ते सांगते. कारणांचा शोध त्यानंतर सुरू होतो.

परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. वृत्तपत्रीय मराठीत ‘प्रजाती’ हा शब्द वाघ, आंबा अशा एकेका जीवप्रकारासाठी सर्रास वापरला जातो. या लेखात अशा जीवप्रकाराला ‘जाती’ आणि जवळच्या जातींच्या गटाला ‘प्रजाती’ म्हटले आहे. उदाहरणार्थ, वाघ, सिंह आणि बिबट्या या तीन जाती एकाच प्रजातीत मोडतात. एका पूर्वजापासून उतरलेल्या सर्व जातींच्या समुच्चयाला ‘वंशसमूह’ असे म्हटले आहे. तो लहान किंवा मोठा कसाही असू शकतो.

मूळ कल्पना

प्रतिमानाचा पाया अगदी साधा आहे. अस्तित्वात असलेल्या प्रत्येक जातीच्या बाबतीत थोड्याशा कालावधीत तीनपैकी एक गोष्ट घडते: ती दुभंगून तिच्या दोन जाती होतात, ती कायमची नष्ट होते, किंवा ती आहे तशीच राहते. दुभंगण्याच्या दराला जननदर (ज) आणि नष्ट होण्याच्या दराला लोपदर (ल) म्हणतात. दोन्ही दर ‘दर जातीमागे, दर दशलक्ष वर्षांत’ अशा एककात मोजतात. एखाद्या समूहाचा लोपदर ०.२५ आहे, याचा अर्थ त्यातील जातीचे सरासरी आयुष्य चाळीस लाख वर्षे आहे.

जननदर लोपदराहून अधिक असेल, तर जातींची अपेक्षित संख्या चक्रवाढ व्याजाने वाढणाऱ्या ठेवीप्रमाणे वाढते. कमी असेल तर तशीच घटते. दोन्ही समान असतील तर अपेक्षित संख्या स्थिर राहते. येथवर काही विशेष नाही. मात्र ‘अपेक्षित संख्या’ म्हणजे असंख्य समूहांची सरासरी होय, आणि निसर्गात प्रत्येक समूहाला एकच आयुष्य मिळते. सरासरी आणि प्रत्यक्ष यांतील हे अंतर फार मोठे असते. प्रतिमानातील सर्व रोचक निष्कर्ष या अंतरातूनच निघतात.

इतिहास

या गणिताची सुरुवात आडनावांच्या प्रश्नातून झाली. इंग्लंडमधील अनेक प्रतिष्ठित घराण्यांची नावे लुप्त होत चालली होती. त्यामागे त्या घराण्यांची घटती प्रजननक्षमता आहे की निव्वळ योगायोग, असा प्रश्न फ्रान्सिस गाल्टन यांना पडला. त्यांनी १८७३ मध्ये तो एका शैक्षणिक नियतकालिकात गणितज्ञांपुढे मांडला आणि हेन्री वॉटसन या धर्मोपदेशक गणितज्ञाने तो सोडवण्याचा प्रयत्न केला. वॉटसन यांची रीत अचूक होती, परंतु पुरेसा काळ लोटल्यावर प्रत्येक आडनाव लुप्त होणारच, हा त्यांचा निष्कर्ष चुकीचा होता. त्यांच्या समीकरणाची एक उकल नेहमीच ‘१’ येते; दुसरी, तिच्याहून लहान उकलही असू शकते, हे त्यांच्या नजरेतून सुटले. विशेष म्हणजे फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ बिएनेमे यांनी १८४५ मध्येच बरोबर उत्तर दिले होते, पण त्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते.

आडनावांचे हे गणित सजीवांच्या जातींकडे वळले ते श्रीलंकेतील एका निरीक्षणामुळे. जॉन ख्रिस्तोफर विलिस हे पेरादेनिया येथील वनस्पती उद्यानाचे संचालक होते. प्रजातींची त्यांतील जातिसंख्येनुसार मोजणी केली असता एकच जाती असलेल्या प्रजाती सर्वाधिक, दोन जाती असलेल्या त्याहून कमी, तीन असलेल्या आणखी कमी, आणि शेवटी शेकडो जाती असलेल्या मोजक्याच प्रजाती, असा क्रम त्यांना आढळला. आलेख काढला की तो प्रारंभी एकदम खाली घसरतो आणि मग लांबवर जवळजवळ सपाट पसरतो. वनस्पतींप्रमाणेच कीटक, साप आणि सरडे यांच्या वर्गीकरणातही हाच आकार दिसतो.

ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ उडनी यूल यांनी १९२५ च्या सुमारास या आलेखाचे गणित मांडले. प्रत्येक जातीतून ठराविक दराने नवी जाती निघते आणि प्रत्येक प्रजातीतून ठराविक, पण मंद दराने नवी प्रजाती निघते, एवढीच त्यांची गृहीतके होती. मूळ मांडणीत जातींचा सततचा लोप त्यांनी विचारात घेतला नाही. तरीही त्यातून विलिस यांच्या आलेखाशी मिळताजुळता आलेख निघाला. मोठ्या प्रजातीत जाती जास्त, म्हणून तिच्यात नव्या जाती जन्मण्याच्या संधीही जास्त. आणि वयाने मोठ्या प्रजातीला वाढायला वेळही अधिक मिळालेला. विलिस आपल्या निरीक्षणांचा उपयोग डार्विनच्या नैसर्गिक निवडीला विरोध करण्यासाठी करीत असत. तो विरोध टिकला नाही, परंतु यूल यांचे गणित टिकले. पुढे १९५५ मध्ये हर्बर्ट सायमन यांनी ग्रंथांतील शब्दांची वारंवारिता, शहरांची लोकसंख्या आणि उत्पन्नाचे वाटप यांतही याच वर्गातील वितरणे दाखवून दिली.

लोपदराचा समावेश असलेले संपूर्ण गणित डेव्हिड केंडल यांनी १९४८ मध्ये सिद्ध केले. आज वापरात असलेली सूत्रे प्रामुख्याने त्यांची आहेत.

एक उदाहरण

जननदर आणि लोपदर दोन्ही ०.२५ आहेत अशी कल्पना करू. जन्म आणि मृत्यू समसमान असल्यामुळे समूहाला वाढीचाही कल नाही आणि ऱ्हासाचाही नाही. अशा स्थितीत एका जातीपासून सुरू झालेला वंशसमूह ‘क’ इतक्या दशलक्ष वर्षांत पूर्णपणे नष्ट झालेला असण्याची संभाव्यता अशी असते:

(ज × क) ÷ (१ + ज × क)

चाळीस लाख वर्षांनंतर हे मूल्य निम्मे येते. एक कोटी वीस लाख वर्षांनंतर ते तीन चतुर्थांश होते, तीन कोटी साठ लाख वर्षांनंतर नऊ दशांश, आणि दहा कोटी वर्षांनंतर २५/२६, म्हणजे सुमारे ९६ टक्के. म्हणजेच एकेका जातीपासून सुरू झालेल्या शंभर वंशसमूहांपैकी दहा कोटी वर्षांनंतर चार शिल्लक राहतील. परंतु एकूण जातींची अपेक्षित संख्या अजूनही शंभरच आहे! त्यामुळे उरलेल्या चार समूहांत सरासरी सव्वीस-सव्वीस जाती असणार.

सर्व शंभर समूहांचे दर तंतोतंत सारखे होते. कोणी सरस नव्हता, कोणी निकृष्ट नव्हता. तरीही दहा कोटी वर्षांनंतर पाहणाऱ्याला चार ‘यशस्वी’ समूह दिसतील आणि शहाण्णव ‘अयशस्वी’ समूहांचे जीवाश्म सापडतील. यशस्वी समूहांचे दात, पंख किंवा अंडी यांत त्यांच्या यशाचे कारण शोधण्याचा मोह त्याला आवरणार नाही. या मोहाला आळा घालणे हे प्रतिमानाचे सर्वांत मोलाचे काम आहे.

आणखी एक परिणाम यातूनच निघतो. जे समूह टिकले, त्यांच्या आरंभीच्या काळात जन्म अधिक आणि मृत्यू कमी झालेले असतात, अन्यथा ते टिकलेच नसते. म्हणून टिकलेल्या समूहांचा इतिहास मागे जाऊन पाहिला, की त्यांची सुरुवातीची वाढ नेहमीच झपाट्याची दिसते. ग्रॅहॅम बड आणि रिचर्ड मान यांनी २०१८ मध्ये या परिणामाची सविस्तर चर्चा केली. मोठ्या प्राणिसमूहांच्या उदयकाळी दिसणारा जातींचा ‘स्फोट’ काही अंशी या निवडक दृष्टीचा परिणाम असू शकतो, असे त्यांचे म्हणणे आहे.

जननदर लोपदराहून जास्त असला, तरी धोका संपत नाही. जननदर ०.३० आणि लोपदर ०.२५ असेल, तर एका जातीपासून सुरू झालेला समूह केव्हा तरी नामशेष होण्याची संभाव्यता २५/३०, म्हणजे ८३ टक्के असते. समूहात दहा जाती असतील, तर हीच संभाव्यता १६ टक्क्यांवर येते, आणि वीस असतील तर तीन टक्क्यांहूनही खाली. धोका मुख्यतः बालवयातला आहे. भांडवल कमी असलेला जुगारी लवकर कफल्लक होतो, तसाच हा प्रकार.

वुड्स होल येथील संगणकीय प्रयोग

अमेरिकेतील वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत १९७० च्या दशकाच्या आरंभी डेव्हिड रॉप, स्टीफन जे गूल्ड, टॉमस शॉफ आणि डॅनियल सिंबरलॉफ हे चौघे एकत्र आले. त्यांनी संगणकावर काल्पनिक वंशवृक्ष वाढवले. प्रत्येक पावलाला प्रत्येक वंशरेषा फुटेल, मरेल की तशीच राहील, हे यादृच्छिक अंकांनी ठरवले जाई. नैसर्गिक निवड, हवामान, स्पर्धा यांपैकी कशालाही त्यात स्थान नव्हते. वंशसमूहांचे जे आकार निघाले, त्यांतील अनेक सरीसृपांच्या जीवाश्मांवरून काढलेल्या आकृत्यांसारखे दिसत होते: काही तळाशी रुंद व वर निमुळते, काही मध्ये फुगीर, काही दीर्घकाळ बारीक धाग्यासारखे टिकलेले. हे संशोधन १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुराजीवविज्ञानात मोठी खळबळ उडाली.

त्यावरील सर्वांत सबळ आक्षेप १९८१ मध्ये स्टीव्हन स्टॅन्ली आणि सहकाऱ्यांनी घेतला. संगणकातील समूह फार लहान होते. निसर्गातील कुले आणि गण यांत शेकडो-हजारो जाती असतात. नाणे दहा वेळा उडवल्यास सात छाप पडणे नवलाचे नाही. दहा हजार वेळा उडवून सात हजार छाप पडले, तर नाण्यातच खोट आहे असे समजावे. जाती पुष्कळ असल्या की योगायोगाचे चढउतार परस्परांना पुसून टाकतात, आणि तरीही एखादा समूह फुगला किंवा आटला तर त्याला कारण असलेच पाहिजे. आक्षेप योग्यच होता. मात्र त्यासाठी लागणारी फूटपट्टी पुन्हा याच प्रतिमानाने पुरवली, हेही लक्षात घ्यावे लागते.

योगायोग कोठे अपुरा पडतो

ट्रायलोबाइट हे खेकडे-विंचवांच्या दूरच्या नात्यातले सागरी प्राणी. कँब्रियन काळात त्यांनी समुद्र व्यापले होते आणि सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी, पर्मियन काळाच्या अखेरीस, त्यांचा शेवटचा प्रतिनिधीही नष्ट झाला. हा निव्वळ दुर्दैवाचा खेळ असू शकेल काय? कँब्रियनच्या अखेरीस त्यांच्या एक हजार जाती होत्या आणि दोन्ही दर ०.२५ होते, असे केवळ हिशेबापुरते धरू. त्या काळापासून पर्मियनच्या अखेरीपर्यंत सुमारे २३ कोटी ३० लाख वर्षे लोटली. एका जातीचा वंश एवढ्या काळात संपण्याची संभाव्यता ९८ टक्के आहे. पण एक हजार जातींचे सर्वच्या सर्व वंश संपण्याची संभाव्यता कोटीमागे एकापेक्षाही कमी येते. रॉप यांनी १९८१ मध्ये अशाच प्रकारचा हिशेब मांडून ट्रायलोबाइटांचा अंत केवळ नशिबावर ढकलता येत नाही, असा निष्कर्ष काढला. योगायोगाचा पुरस्कर्ता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शास्त्रज्ञाने हे सांगावे, याला महत्त्व आहे. त्यांचे १९९१ चे पुस्तक ‘एक्स्टिंक्शन: बॅड जीन्स ऑर बॅड लक?’ याच प्रश्नाला वाहिलेले आहे.

जिवंत जातींच्या बाबतीत आणखी सोपी कसोटी उपलब्ध आहे. एकाच पूर्वजापासून एकाच वेळी वेगळ्या झालेल्या दोन वंशसमूहांना भगिनी समूह म्हणतात. त्यांचे वय अर्थातच समान असते. दोहोंचे दर सारखे असतील, तर त्यांच्यातील एकूण जातींची वाटणी कशीही होण्याची संभाव्यता सारखीच असते, असे गणित सांगते. एकूण दहा जाती असतील, तर १ व ९, २ व ८, ३ व ७ अशा नऊही वाटण्या सारख्याच संभवनीय (कोणत्या बाजूला किती, हे लक्षात घेऊन). समसमान वाटणीला काही विशेष मान नाही. एका बाजूला एकच आणि दुसऱ्या बाजूला नऊ जाती असण्याची संभाव्यता २/९ म्हणजे २२ टक्के आहे. त्यात खुलासा मागण्यासारखे काही नाही. जोसेफ स्लोविन्स्की आणि क्रेग गायर यांनी १९८९ मध्ये या गुणधर्मावर आधारित कसोटी सुचवली.

ती न्यूझीलंडमधील तुआतारा या सरीसृपाला लावून पाहू. तुआताराची आज एकच जाती उरली आहे. त्याचा भगिनी समूह म्हणजे सर्व सरडे आणि साप. त्यांच्या जाती ११ हजारांहून अधिक आहेत. इतकी विषम वाटणी योगायोगाने होण्याची संभाव्यता २ भागिले सुमारे ११ हजार, म्हणजे साडेपाच हजारांत एक. मगरी-सुसरींच्या सुमारे २७ जाती आणि पक्ष्यांच्या सुमारे ११ हजार जाती यांच्या तुलनेत ती सुमारे दोनशेत एक येते. दोन्ही ठिकाणी दर समान होते हे गृहीतक सोडावे लागते. अर्थात, निसर्गातील असंख्य जोड्यांतून डोळ्यांत भरणारीच जोडी आपण उचलली, हे ध्यानात ठेवून अशा आकड्यांकडे थोड्या सावधपणे पाहिले पाहिजे.

बदलते दर

आतापर्यंत दोन्ही दर काळानुसार स्थिर मानले. ली व्हॅन व्हेलन यांनी १९७३ मध्ये जीवाश्मांच्या नोंदी तपासून एक नियम मांडला: समूह जुना झाला म्हणून त्याच्या लोपाची शक्यता वाढतही नाही आणि कमीही होत नाही. लाखो वर्षांच्या अनुभवानंतरही समूह अधिक ‘टिकाऊ’ होत नसेल, तर परिस्थितीच सतत प्रतिकूल होत असली पाहिजे, असे त्यांनी अनुमान केले. लुईस कॅरोल यांच्या कथेतील जागच्या जागी राहण्यासाठी धावत राहणाऱ्या राणीवरून या कल्पनेला ‘लाल राणी’ हे नाव मिळाले. प्रस्थापित नियतकालिकांनी नाकारलेला हा लेख व्हॅन व्हेलन यांनी स्वतः सुरू केलेल्या नियतकालिकात छापला, आणि तो उत्क्रांतिशास्त्रातील सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या लेखांपैकी एक ठरला.

जागा आणि अन्न मर्यादित असल्यामुळे जातींच्या संख्येलाही कमाल मर्यादा असावी, या विचाराने जॅक सेपकोस्की यांनी १९७८ ते १९८४ या काळात सागरी प्राण्यांसाठी वेगळे प्रतिमान तयार केले. त्यात संख्या वाढत जाते तसा वाढीचा वेग मंदावतो आणि अखेरीस संख्या एका पातळीवर स्थिरावते. मायकेल बेंटन यांच्यासारख्या अभ्यासकांना ही मर्यादा मान्य नाही. त्यांच्या मते विविधता अजून वाढतच आहे. हा वाद मिटलेला नाही.

सामूहिक विलोपनाच्या वेळी लोपदर अचानक कित्येक पटींनी वाढतो. रॉप आणि सेपकोस्की यांनी १९८२ मध्ये सागरी जीवाश्मांच्या आधारे अशा पाच घटना नेहमीच्या लोपापासून वेगळ्या काढल्या. त्यांपैकी शेवटची घटना सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची. मेक्सिकोतील चिक्शुलुब येथे अशनी आदळली तो हाच काळ, आणि महाराष्ट्राचा बहुतांश भाग ज्या काळ्या बेसाल्टने व्यापला आहे, त्या दख्खनच्या लाव्हाचे उद्रेकही याच सुमाराचे. लोपदरातील वाढीचा किती वाटा कोणाचा, यावर अजूनही चर्चा चालू आहे.

जिवंत जातींच्या वंशवृक्षातून अनुमान

बेडूक, कीटक किंवा फुलझाडे यांचे जीवाश्म तुटपुंजे असतात. अशा वेळी जिवंत जातींच्या डीएनएची तुलना करून वंशवृक्ष काढतात आणि फांद्यांच्या लांबीवरून दर ठरवतात. मेलेल्या फांद्या या वृक्षात दिसत नाहीत, तरी त्यांची खूण राहते, असे शॉन नी, रॉबर्ट मे आणि पॉल हार्वी यांनी १९९४ मध्ये दाखवले. अलीकडे जन्मलेल्या जातींना मरायला अजून वेळच मिळालेला नाही. त्यामुळे वर्तमानाजवळ फांद्या दाट दिसतात. दूरच्या भूतकाळातील वाढीवरून जननदर वजा लोपदर मिळतो आणि वर्तमानाजवळील वाढीवरून निव्वळ जननदर. वजाबाकी केली की लोपदर हाती येतो.

ही युक्ती दर स्थिर असतील तरच चालते. स्टिलियानोस लुका आणि मॅथ्यू पेनेल यांनी २०२० मध्ये सिद्ध केले, की दर काळानुसार बदलू दिले तर एकाच वंशवृक्षाशी तितक्याच चांगल्या जुळणाऱ्या जननदर-लोपदरांच्या जोड्या असंख्य असतात. केवळ जिवंत जाती पाहून त्यांपैकी खरी कोणती हे ठरवता येत नाही. कितीही माहिती गोळा केली तरी येत नाही.

सह्याद्रीतील बेडकांवरून ही अडचण स्पष्ट होते. केरळमधून २००३ मध्ये वर्णन केलेला जांभळा बेडूक ‘नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस’ हा एका प्राचीन वंशरेषेचा प्रतिनिधी आहे. त्याचे जवळचे नातलग थेट सेशेल्स बेटांवर राहतात आणि त्याच्या प्रजातीत २०१७ मध्ये वर्णन केलेली आणखी एक जाती तेवढी आहे. याउलट, महाराष्ट्र-गोव्याच्या घाटांतही आढळणाऱ्या ‘राओर्चेस्टेस’ या झुडपी बेडकांच्या प्रजातीत साठांहून अधिक जाती आहेत. जांभळ्या बेडकाच्या वंशात मुळातच नव्या जाती फारशा जन्मल्या नाहीत, की पुष्कळ जन्मून बहुतेक नष्ट झाल्या? जिवंत जातींचा वंशवृक्ष या दोन्ही शक्यतांना सारखाच जुळतो. तुआताराच्या बाबतीत जीवाश्मांमुळे निवाडा झाला: डायनोसॉरांच्या काळात त्याच्या नात्यातले अनेक प्राणी होते आणि ते पुढे नष्ट झाले.

पार्श्वभूमीचा लोपदर

आज माणसामुळे जाती किती वेगाने नष्ट होत आहेत हे सांगायचे, तर माणूस नसता तेव्हा किती नष्ट झाल्या असत्या हे आधी ठाऊक हवे. या दराला पार्श्वभूमीचा लोपदर म्हणतात आणि तो एक दशलक्ष जाती-वर्षांमागे किती जाती नष्ट होतात या एककात देतात. दहा हजार जातींवर शंभर वर्षे लक्ष ठेवले, की एक दशलक्ष जाती-वर्षे भरतात. हेरार्डो सेबायोस आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये पृष्ठवंशी प्राण्यांसाठी हा दर मुद्दाम चढा, म्हणजे २ इतका धरला, आणि तरीही गेल्या शतकातील प्रत्यक्ष लोप त्याच्या शंभर पटीपर्यंत असल्याचे त्यांना आढळले. त्याच वर्षी युरियान डी वॉस आणि सहकाऱ्यांनी वंशवृक्षांचाही आधार घेऊन हा दर ०.१ च्या आसपास असावा, असा अंदाज दिला. दोन आकड्यांत वीस पटींचा फरक आहे. त्याचे एक कारण मोजमापाच्या साधनांत आहे. जीवाश्मांवरून बहुधा जातींऐवजी प्रजातींचे आयुष्य मोजले जाते, आणि तेही मुख्यतः कवचधारी सागरी प्राण्यांचे. वंशवृक्षांतून काढलेला दर वर सांगितलेल्या अनिश्चिततेच्या कक्षेत येतो. म्हणून आजचा लोप नैसर्गिक दराच्या नेमका किती पट आहे, याची उत्तरे निरनिराळ्या ग्रंथांत निरनिराळी आढळतात. मात्र यांतील कोणताही पार्श्वभूमी दर घेतला, तरी आजचा वेग त्याहून कितीतरी अधिक ठरतो.